आग्रहाचं पाणी

२ ऑगस्ट २०२५
निर्वासितांची छावणी, चाड देशाची पूर्व सरहद्द, आफ्रिका

आत्यासाहेब,

पायांवर डोकं ठेवतो. मोबाईलवर पाठवलेल्या नमस्काराला तुम्ही नमस्कारच मानत नाही, म्हणून हे रीतसर पत्र. इथे जनरेटर संध्याकाळी दोन तास चालतो, तेवढ्यात टाईप करून मेल करतोय. थाटीपुरच्या नाक्यावरचे झेरॉक्सवाले दिग्विजयसिंह काका छापून घरी आणून देतील. तुमचं उत्तर त्यांनाच द्या, ते स्कॅन करून पाठवतील. मी बोललोय त्यांच्याशी.

तुम्ही फोनवर दर वेळी विचारता, "तिथे तू नेमकं करतोस काय?" आणि तेवढ्यात लाईन कटते. तर ऐका. सुदानात लढाई चालू आहे. तिथून जीव मुठीत धरून पळालेले वीस हजार लोक या माळावर तंबूंत राहतात. पावसाळा लागला आणि हैजा, म्हणजे कॉलरा, पसरला. हैज्यात अंगातलं पाणी भराभर निघून जातं. इलाज एकच, गेलेलं पाणी परत आत घालायचं. फार खालावलेल्यांना ओढ्यापलीकडच्या वॉर्डात सलाईन लावतात. ओढ्याच्या अलीकडे, तंबूंच्या मधोमध माझं ठाणं आहे. एक ताडपत्री, चार बाकं, स्वच्छ पाण्याचं पिंप आणि मीठ-साखरेची पाकिटं, म्हणजे आपलं तेच ओआरएस. जुलाब लागले की माणसानं लगेच येऊन पीत बसायचं. पीत राहिला तर बहुतेक वेळा सुईसुद्धा लागत नाही. नाही प्यायला तर सकाळी चालत आलेला माणूस संध्याकाळी राहत नाही.

आणि लोक पीतच नाहीत! मी प्रत्येकाला अदबीनं विचारतो, "थोडं घेणार का?" ते छातीवर हात ठेवून हसतात आणि म्हणतात, "नको, आभारी आहे." एक तर ते खारट, त्यात मळमळ, वर यांची तहज़ीब. मतलब, माणूस मरायला टेकलाय तरी मला तकलीफ नको म्हणून नको म्हणतो. परवा एक मास्तर ग्लास हातात धरून माझ्याशी तासभर छान गप्पा मारत बसले. ग्लास तसाच राहिला. वॉर्डात नेईपर्यंत उशीर झाला होता. त्यांना मी वाचवू शकलो नाही.

समोरच हाजा कलतूम यांची चहाची टपरी आहे. हाजा म्हणजे आपण आजीबाई म्हणतो तसं मानाचं. त्यांच्याकडे ही गर्दी! काल मला म्हणाल्या, "पोरा, फुकट देतोस तरी तुझ्या दुकानात गिऱ्हाईक नाही?"

तुम्ही तब्येत सांभाळा. आणि मंडळात मी डॉक्टर आहे असं सांगत फिरू नका. मी नर्स आहे.

तुमचा
समरजीत

---

६ ऑगस्ट २०२५
थाटीपुर, ग्वाल्हेर

समर, लेका,

शंभर वर्षांचा हो. पत्र मिळालं. दिग्विजयसिंहांनी छापता छापता वाचलेलं दिसतंय, कारण हातात देताना म्हणाले, "बहनजी, लड़का परेशान है."

मी दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "थोडं घेणार का" म्हणून विचारतोस? विचारतोस? अरे, माझ्या हाताखाली वाढलास ना तू? एकतीस वर्षं मंडळाच्या गणपतीच्या पंगतीला मी वाढलंय, कुणाला कधी विचारलेलं आठवतंय का? पाहुण्याला विचारलं की तो नको म्हणणारच, ते खानदानी माणसाचं लक्षण आहे. पहिला नको संस्काराचा असतो. दुसरा नको लाजेचा. तिसऱ्यापासून माणूस खरं बोलायला लागतो. तू पहिल्याच नकोला 'ठीक आहे' म्हणून मोकळा होतोस, आणि बिचारे मास्तर संस्कारानं गेले रे! मला फार वाईट वाटलं वाचून.

आता नीट ऐक. विचारायचं नाही, वाढायचं. तोंडाकडे बघायचं नाही, ग्लासाकडे बघायचं. काठोकाठ भरलेला ग्लास पाहून पोट दडपतं, म्हणून अर्धाच भरायचा, पण खाली झाला की लगेच पुन्हा. "एवढ्यानं काय होतंय" हे म्हणत राहायचं. आणि हात आडवा आला तर बोटं बघायची. बोटं फाकलेली असली तर फटीतून वाढायचं. बोटं घट्ट जुळलेली असली तरच थांबायचं. ही विद्या मी कुणाला फुकट देत नाही.

यंदा देणार तरी कुणाला म्हणा. मंडळाची नवी सेक्रेटरी हेमांगी, ती सिटी सेंटरच्या बँकेत असते ती, तिनं ठराव आणलाय की यंदा भंडाऱ्याला पंगत नाही, बुफे. मी कारण विचारलं तर म्हणे, "मंदाकाकू, मागच्या वर्षी जगदेवराव." अगं, जगदेवरावांनी सतरा जिलब्या खाल्ल्या आणि तीन दिवस दवाखान्यात काढले, यात माझा काय दोष? सतराव्या जिलबीलासुद्धा त्यांची बोटं फाकलेली होती, मी शपथेवर सांगीन.

तर मी सध्या रिकामी आहे. काही अडलं तर विचार. तुझा करार सप्टेंबरअखेर संपतो ना? मी कॅलेंडरवर खुणा करतेय. आणि मी मंडळात तू डॉक्टर आहेस असं मुळीच सांगत नाही. सरहद्दीवर आहे एवढंच सांगते. घोडदळातलं घराणं आपलं, लोक काय समजायचं ते समजतात.

तुझी आत्या

---

१४ ऑगस्ट २०२५
छावणी

आत्यासाहेब,

दंडवत. तुमचा फॉर्म्युला चालला! विचारणं बंद केलं. कुणी ताडपत्रीखाली आलं की ग्लास थेट हातात. पहिला नको, दुसरा नको, मी आपला "एवढ्यानं काय होतंय" हे अरबीत पाठ करून म्हणत राहतो. काल त्रेसष्ट जण प्यायले. गेल्या आठवड्यात दिवसाला दहासुद्धा नव्हते.

पण दोन लफडी झाली. सोमवारी राजधानीतून एक साहेब तंबू मोजायला आले आणि बाकावर टेकले. मी ग्लास दिला. नको म्हणाले, मी म्हटलं संस्कार. पुन्हा नको म्हणाले, मी म्हटलं लाज. हात आडवा धरला, बोटं फाकलेली, एकदम तुमच्या जगदेवरावांसारखी. चार ग्लास पाजले. पाचवा भरत होतो तेव्हा त्यांचा ड्रायव्हर धावत आला की साहेब धडधाकट आहेत, त्यांना फक्त बसायला सावली हवी होती. साहेबांनी जाताना वहीत लिहिलं, "कर्मचारी उत्साही आहे."

दुसरं लफडं खरं. एका बाईंना मी पाठोपाठ तीन ग्लास पाजले आणि त्यांना उलटी झाली, प्यायलेलं सगळं बाहेर. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या. माझी अशी खरडपट्टी काढली की काय सांगू. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्यानं, संथ. हे मला ठाऊक होतं, कॉलेजात शिकलोय, पण तुमच्या जोशात विसरलो. बाई आता बऱ्या आहेत.

हाजा कलतूम हे सगळं टपरीतून बघत असतात. म्हणाल्या, "आधी तू भिकाऱ्यासारखा मागत होतास, आता फौजदारासारखा पाजतोस. माणसासारखं कधी करणार?" ठाण्यावर मी एकटाच, तंबू अडीच हजार. इथल्याच कुणाला तरी सोबत घेतलं पाहिजे. हाजांना विचारलं तर म्हणाल्या, "मला चहा आहे."

समर

---

१९ ऑगस्ट २०२५
थाटीपुर

समर, बाळा,

सुखी राहा. साहेबांचं वाचून दिग्विजयसिंह दुकानात इतके हसले की गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाच्या अकरा कॉपी निघाल्या.

उलटीचं मात्र माझ्या जिवाला लागलं. तिथे चूक माझीही आहे. मी पंगतीची बाई, हात सैल सोडायची सवय. आजाऱ्याला वाढायची रीत वेगळी, आणि ती मला येत नाही असं नाही. तू पाच वर्षांचा असताना तुला मोतीझरा, म्हणजे टायफॉइड, झाला होता. तुझी आई नुकती गेलेली. तुझा बाप, मल्हारदादा, सहा फूट उंच माणूस, दारात उभा राहून रडत होता. मी तीन दिवस तुला मुगाचं पाणी चमच्यानं पाजलं. चमचा ओठाला लावायचा, वाट बघायची, गिळलं की पुढचा. घाई केलीस की संपलं. तेव्हा डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग, त्या बरोबर आहेत.

आता त्या कलतूमबाई. अरे वेड्या, जिच्या हातचा चहा अख्खी छावणी पिते, तिच्या हातचं पाणी नाही का पिणार? तिला ठाण्यावर आण. पण मदत कर म्हणून मागू नकोस. कामाची बाई मदतीला येत नसते, चूक काढायला येते. तू तिच्या डोळ्यांसमोर चुकीचं कर. पाकीट फोडताना सांड, चमचा उलटा धर, काही तरी कर. तिला राहवणार नाही. आम्हां बायकांना मी ओळखते. मला मंडळात एकतीस वर्षांपूर्वी कुणी बोलावलं नव्हतं. एक बाई मठ्ठा ताटाच्या डाव्या बाजूला वाढत होती, मला बघवेना, मी तिच्या हातातला जग काढून घेतला. झालं!

भंडारा सहा तारखेला आहे. बुफेच. मी जाणार, पण बघ्यासारखी.

आत्या

---

२८ ऑगस्ट २०२५
छावणी

आत्यासाहेब,

तुम्ही तिथे बसून इथलं कसं काय बघता? मी फक्त चमचा जरा वेंधळ्यासारखा धरला होता, उलटासुद्धा नाही. एका म्हाताऱ्याच्या दाढीवरून पाणी ओघळलं. हाजा कलतूम टपरीतून तीरासारख्या आल्या, माझ्या हातातला चमचा ओढून घेतला आणि म्हणाल्या, "ऊठ." त्या दिवसापासून मी उठलेलोच आहे. टपरी त्यांनी शेजारणीकडे दिली. ठाणं आता त्यांचं. मी पाकिटं फोडतो, पाणी मोजतो, क्लोरीन घालतो आणि कोण जास्त खालावलंय ते बघून वॉर्डात धाडतो.

त्यांची पद्धत तुमच्याहून वेगळी आहे. 'घ्या, घ्या' करतच नाहीत. माणसाजवळ मांडी घालून बसतात, विचारतात, "आईचं नाव काय?" तो सांगतो. मग चमचा ओठाला लावून म्हणतात, "हा तिच्या नावाचा." आता आईच्या नावाला कोण नको म्हणणार? मग बाप, मग बायको, मग मुलं. नावं संपली तर शेजाऱ्यांची. एकाला तर त्यांनी त्याच्या हरवलेल्या गाढवाच्या नावानं अर्धा ग्लास पाजला.

मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुझ्या आत्यानं एका माणसाला जास्तीत जास्त किती खाऊ घातलंय?" मी सतरा जिलब्या सांगितल्या. जिलबी म्हणजे काय ते हातांनी काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मोठी बाई आहे." एवढी तारीफ त्या कुणाची करत नाहीत.

नवे आजारी निम्म्यानं कमी झालेत. पण पाऊस थांबत नाही. ओढा वाढला की वॉर्डाचा रस्ता बंद होतो, तेवढीच धास्ती.

समर

---

७ सप्टेंबर २०२५
थाटीपुर

समर,

आयुष्मान हो. कलतूमबाईंना सांग, गाढवाचं मला सुचलं नसतं. हार मानते.

काल भंडारा झाला. ऐक माझी फजिती. हेमांगीनं मला मानानं खुर्चीवर बसवलं, "काकू, तुम्ही लाईनमध्ये उभ्या राहू नका, मुलं आणून देतील." ताट आलं, त्यात एक पुरी आणि चमचाभर बटाट्याची भाजी. मग एक जण जिलबी घेऊन आला. "आंटी, जलेबी?" मी म्हटलं, "नको." तो म्हणाला, "ओके आंटी," आणि पुढे गेला! गेलाच! मी बघतच राहिले. मग मसालेभात आला. "नको." "ओके आंटी." मठ्ठा आला. "नको." "ओके." दहा मिनिटांत माझं जेवण संपलं. एकतीस वर्षं लोकांना खाऊ घातलेली बाई एका पुरीवर उठली. वर हेमांगी हात पुसत येऊन म्हणते, "बघा काकू, काहीच वाया नाही गेलं!" मी घरी येऊन दूध-पोळी खाल्ली.

हसू नकोस. म्हणजे हस, पण मला खरंच रडू आलं. माझ्या मनात होतं की तिसऱ्यांदा विचारतील. कुणी तुमचा पहिलाच नको खरा मानला ना, की भरल्या मांडवात माणूस उपाशी राहतो. तुझे मास्तर ग्लास हातात धरून बसले होते ते मला काल कळलं.

असो. तिकीट काढलंस का? तुझी खोली झाडून ठेवलीय. कापसाची गादी पिंजून आणलीय शिंदे की छावनीच्या बाजारातून.

आत्या

---

१० सप्टेंबर २०२५

आत्यासाहेब,

नमस्कार. काम फार आहे. पाऊस आहे. मी मजेत. नंतर लिहितो.

समर

---

११ सप्टेंबर २०२५
थाटीपुर

समर,

दिग्विजयसिंहांनी कागद दिला तो उलटून बघितला, मागे काही लिहिलंय का. पाच वाक्यं? मला काय मूर्ख समजतोस? माझ्या बुफेवर तू हसला नाहीस. कलतूमबाईंचं नाव नाही. आणि 'मी मजेत' हे तू आयुष्यात दोनदा लिहिलंस, एकदा होस्टेलमधून हात मोडला तेव्हा, आणि एकदा मल्हारदादा गेला तेव्हा.

काय झालंय ते सांग. पोटाचं आहे का? असेल तर पी. आत्ता पी. हे पत्र हातातून ठेव आणि पी.

आत्या

---

१६ सप्टेंबर २०२५
थाटीपुर

समर, बाळा,

सहा दिवस झाले. फोन लागत नाही. तुमच्या ऑफिसातल्या बाई इंग्रजीत म्हणतात की ओढ्याच्या पुरानं टॉवर पडलाय, पण स्टाफ सुरक्षित आहे. स्टाफ कोण ते मला माहीत नाही. मला समरजीत माहीत आहे.

दिग्विजयसिंह हल्ली दुकान सकाळी सहाला उघडतात. मी म्हटलं, एवढ्या पहाटे कोण झेरॉक्स काढतं? म्हणाले, "मेल देखना है बहनजी." आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर चहा पीत बसतो. ते दर पाच मिनिटांनी बटण दाबतात. हेमांगीसुद्धा काल येऊन बसली होती, डबा घेऊन. मी नको म्हटलं तर म्हणाली, "काकू, मी तीनदा विचारणार आहे." चांगली मुलगी आहे, मी उगाच बोलते तिला.

मला भीती वाटते रे. तू दुसऱ्यांना पाजतोस, तुला कोण पाजणार? मी इथे पाच-सात हजार किलोमीटरवर चमचा घेऊन बसलेय, त्याचा काय उपयोग? तुझ्या आईनं जाताना तुला माझ्या पदरात घातलं होतं. एक ओळ लिही. शिव्या देणार नाही.

आत्या

---

१९ सप्टेंबर २०२५
छावणी

आत्यासाहेब,

मी आहे. जिवंत आहे, बसून लिहितोय, सकाळी भात खाल्ला. टॉवर आज उभा राहिला.

तुमचं बरोबर होतं. दहा तारखेला लिहिलं तेव्हा पोटात गुडगुड चालू होती, पण मी म्हटलं थकवा असेल. अकराच्या सकाळी उजाडताना जुलाब लागले आणि दोन तासांत माझ्या पायांत गोळे यायला लागले. लस घेतलेली होती, हात शंभरदा धूत होतो, तरी गाठलंच. त्याच सकाळी ओढा इतका चढला की वॉर्डात न्यायला वाटच नाही. सलाईन पलीकडे आणि मी अलीकडे. माझ्याच ठाण्यावर, माझ्याच बाकावर मला आडवं केलं.

आणि आत्यासाहेब, मी प्यायलो नाही. खरं सांगतो. मला सगळं माहीत, मीच अख्ख्या छावणीला शिकवलेलं, पण ग्लास बघितला की पोट ढवळायचं. हाजांना म्हटलं, "मी नर्स आहे, मला कळतं, पाच मिनिटांनी घेतो." त्या म्हणाल्या, "ते मास्तरही शिकलेले होते." मी ग्लासावर हात ठेवला. बोटं घट्ट जुळवून. खरा नको होता तो, तुम्हीसुद्धा थांबला असता. हाजांनी माझी बोटं एकेक करून उघडली, लहान पोराची मूठ उघडतात तशी, आणि चमचा ओठाला लावला. "तुझ्या आईच्या नावाचा."

आई झाली, मग वडील म्हणून दादासाहेब झाले. तुमच्या नावाचे त्यांनी किती पाजले ते मोजलं नाही, पण बरेच. उलटी झाली की थांबायच्या, मनाशी काही तरी पुटपुटत मोजायच्या, पुन्हा सुरू. मला कधी ग्लानी यायची, तेव्हा गालावर चापट. माझी नावं दुपारपर्यंत संपली. मला वाटलं आता शेजारी आणि गाढव. पण त्यांनी वेगळी नावं घ्यायला सुरुवात केली. आदम. मग सुआद. मग तीन लहान मुलांची नावं, आणखी चार. मी इथे अडीच हजार तंबू फिरलोय, यातलं कुणीच मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "हे कोण?" म्हणाल्या, "माझी. पी." आदम त्यांचा मुलगा, सुआद सून. सगळी वाटेत गेली, इथे एकट्याच पोचल्या. आजवर त्यांनी हे एकालाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या बाकावर किती लोक बसले, त्यांनी दुसऱ्यांची नावं घेतली, गाढवाचं घेतलं, पण ही नावं काढली नव्हती. ती त्यांनी माझ्यावर खर्च केली. मी नऊ नावं प्यायलो, आत्यासाहेब. संध्याकाळी ओढा उतरला आणि मला पलीकडे नेलं, तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाई नाडी बघून म्हणाल्या, "याला इथपर्यंत कुणी आणलं?"

आता अवघड गोष्ट. करार या महिन्यात संपतो. ते डिसेंबरपर्यंत वाढवायला म्हणतायत. पाऊस अजून आहे, आजारी अजून येतायत, आणि हाजा एकट्या पडतील. मला राहावंसं वाटतंय. पण तुम्ही ये म्हणालात तर मी येईन, कटकट न करता. तुमच्या मनाविरुद्ध नाही राहणार.

समर

---

२२ सप्टेंबर २०२५
थाटीपुर, ग्वाल्हेर

समर, हे पत्र तुला नाही. कलतूमबाईंना समोर बसव आणि एक-एक वाक्य त्यांच्या भाषेत वाचून दाखव. आपल्या पदरचं घालू नकोस आणि लाजून काही गाळू नकोस.

कलतूमबाई, ग्वाल्हेरहून मंदाचा मानाचा नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुम्ही माझं पोर राखलंत. मी हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा कागद भिजला, म्हणून हे चौथं झेरॉक्सच्या दुकानात बसून लिहितेय. इथे माणसं असतात, रडता येत नाही. दुकानाचे मालक तोंड फिरवून मशीन पुसतायत. ते मघापासून तेच मशीन पुसतायत.

मी स्वतःला फार मोठी वाढपी समजत होते. समोर सुग्रास अन्न, पोटात भूक, वर माझा आग्रह, त्यात काय मोठं? तुम्ही खारट पाणी पाजलंत, ज्याला नको होतं त्याला. समर म्हणतो, त्याची बोटं जुळलेली होती. मी थांबले असते हो. मी खरंच थांबले असते, आणि आज मला मुलगा नसता.

आता एक कबुली. काल आमच्याकडे सर्वपित्री अमावस्या होती. घरातल्या गेलेल्यांना या दिवशी आम्ही पान वाढतो. ज्यांचा जाण्याचा दिवस माहीत नाही, त्यांच्यासाठीही हाच दिवस असतो. मी माझ्या माणसांची पानं वाढली, आणि शेजारी तुमच्या नऊ जणांसाठी नऊ वाट्या पाणी ठेवलं. आदम आणि सुआद म्हणून दोन वाट्या, बाकीच्यांची नावं मला माहीत नाहीत, म्हणून "कलतूमबाईंची" एवढंच म्हटलं. तुमच्या धर्मात हे चालतं की नाही मला ठाऊक नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण मी कधी कुणाला विचारून वाढलेलं नाही. चुकलं असेल तर खुशाल बोला, मी ऐकून घेईन. आणि रागावला नसाल तर उरलेली सात नावं समरकडून लिहून पाठवा. मला ती पाठ करायची आहेत.

समर राहू का म्हणून विचारतो. मी दोन दिवस जेवले नाही, हे त्याला सांगा, म्हणजे त्याला कळू दे की मी सहज हो म्हणत नाहीये. राहू दे त्याला. तो माझाच आहे, पण अकरा तारखेपासून अर्धा तुमचा आहे, आणि अर्ध्या मालकिणीशी मला भांडता येत नाही. त्याचे कान मात्र उपटा. मला 'मजेत' लिहितो!

तुम्ही उद्या पुन्हा कुणाच्या तरी बाकाजवळ बसाल. नावं विचाराल. त्याला कुणाची नावं घ्यायची नसतील, किंवा घेण्यासारखं कुणी उरलं नसेल, तर एक घोट माझ्या नावाचा पाजा. म्हणा, ग्वाल्हेरला मंदा नावाची एक बाई आहे, तिला तू माहीत नाहीस, पण तू प्यायलास का म्हणून ती वाट बघतेय. हे खोटं नाही. मी बघतेय.

मंदा